नत्थूजींची दोन नळ्यांची बंदूक

नत्थूजी हेडाऊंच्या घरी दुसरी नळी आली आणि त्या दिवसापासून गल्लीतली माणसं त्यांना रामराम करताना जरा लांब उभी राहू लागली. एका नळीबद्दल कोणाची तक्रार नव्हती. छर्र्याची जुनी बंदूक, तीही इतवारीतल्या भंगारवाल्याकडची, दस्त्याला तडा गेलेली. तिनं फार तर एखादा कावळा दचकला असता. पण एक नळी असताना माणूस घरात दुसरी आणतो, म्हणजे त्याच्या मनात काहीतरी असणार, असा गल्लीचा हिशेब होता. त्यात दिवस आणीबाणीचे. ज्याच्या मनात काहीतरी आहे अशा माणसाच्या शेजारी राहणंसुद्धा तेव्हा धोक्याचं वाटे.

नत्थूजींच्या मनात होतं ते एवढंच. सदर नावाच्या साहेबी वस्तीत एक नेमबाजीचा क्लब होता. दर हिवाळ्यात तिथं छर्र्याच्या बंदुकीची शर्यत होई. एक जवळच्या निशाणाची आणि एक लांबच्या. नत्थूजी कापडगिरणीत जॉबर, म्हणजे मागांवरचे मुकादम. गिरणीच्या साहेबांचा डबा पोचवायला ते एकदा तिथं गेले आणि कुंपणाला टेकून पाहत राहिले. एका टाय बांधलेल्या गृहस्थाचा लांबचा नेम चुकला, तेव्हा नत्थूजींच्या तोंडून निघून गेलं, "हे तं आमच्या गल्लीतला कोनीही मारन."

क्लबचे सेक्रेटरी मागं वळले. "मग या की पुढच्या वर्षी. फक्त बंदूक स्वतःची आणा."

सगळे हसले. परक्यांच्या हसण्याचं नत्थूजींना काही वाटलं नसतं, पण साहेबही हसले, आणि साहेब हसले की ती गोष्ट दुसऱ्या दिवशी गिरणीत पोचतेच. तेव्हापासून पाळी सुरू होताना रोज कोणीतरी विचारी, "काय जॉबर, लागला काय निशाना?" साहेबांच्या डोळ्यांदेखत, स्वतःच्या बंदुकीनं, लांबचं निशाण फोडायचं. एवढं झालं की आपण सुखानं पेन्शनीत जाऊ, असं नत्थूजींनी ठरवून टाकलं होतं.

जवळच्या निशाणाला आखूड, हलकी नळी बरी पडते आणि लांबच्याला लांब, जड. क्लबातले लोक त्यासाठी दोन बंदुका बाळगत. नत्थूजींना एकच परवडली होती, तीही अर्धी. पण नत्थूजी जातीचे कोष्टी. बापानं त्यांना खड्ड्याच्या मागावर बसवलं ते मिसरूड फुटायच्या आधी. त्यांनी विचार केला, एकाच मागावर फणी बदलली की लुगडं निघतं आणि फणी बदलली की धोतर. लुगड्याला एक माग अन् धोतराला दुसरा, असा कोष्टी कोणी पाहिला आहे काय? मग बंदुकीनंच काय घोडं मारलं? दस्ता एक, नळ्या दोन. जत्रेत फुगे फोडायच्या एका मोडक्या बंदुकीची लांब नळी त्यांनी मिळवली आणि बळीराम खराद्याकडून एक लोखंडी कडं करून घेतलं. कड्याला चार स्क्रू. स्क्रू ढिले करा, एक नळी काढा, दुसरी बसवा, पुन्हा आवळा.

बायकोला त्यांनी हे सगळं नीट समजावून सांगितलं. गोदूबाई तांदूळ निवडत होती. "गोदू, तू अशी समज, का हे बंदूक म्हनजे मागच हाये."

"माग," गोदूबाई म्हणाली आणि सूप पाखडलं.

नवरा-बायकोच्या संसारात इतक्या थोडक्यात एवढी मोठी गोष्ट क्वचितच ठरली असेल.

समोर गणपतराव राहत. कोर्टातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले, आणि कोर्ट सुटलं तरी कायदा न सुटलेले. ते संध्याकाळी येऊन खुर्चीवर बसले. नत्थूजींच्या घरात एकच खुर्ची होती आणि ती आपल्यासाठीच आहे याबद्दल गणपतरावांना शंका नव्हती.

"नत्थूजी, छर्र्याच्या बंदुकीला परवाना लागत नाही. हे मी तुम्हाला छातीठोकपणे सांगतो."

"मंग झालं तं."

"झालं कसं? एका बंदुकीला लागत नाही. पण एक दस्ता आणि दोन नळ्या म्हणजे एक बंदूक, दोन बंदुका, की दीड? कायदा याबाबतीत मूग गिळून बसला आहे. आणि कायदा गप्प असतो ना, तेव्हाच त्याला घाबरावं."

हे दीड बंदुकीचं भूत गणपतरावांनी फक्त नत्थूजींच्या घरात सोडलं असतं तर ठीक होतं. पण पानठेल्यावर गेल्यावर ते आपलं मत तिथंही मांडून आले. नळावर पोचेपर्यंत दीडच्या तीन बंदुका झाल्या, आणि पिठाच्या गिरणीत रांगेतल्या बायकांनी बंदुकांचा कारखाना काढला. मग एके सकाळी ठाण्याचा हवालदार सायकल हातात धरून गल्लीत आला.

हवालदार जबलपूरकडचा. त्यानं बंदूक उलटीसुलटी केली, नळीत डोळा घालून पाहिलं, नाकाला लावून हुंगली. "ये दूसरी नली किसलिए?"

नत्थूजींनी शर्यतीचं सांगितलं आणि फणी, लुगडं, धोतर यांचा दाखला दिला. हवालदाराचा संशय वाढला. जो माणूस बंदुकीबद्दल विचारलं तर लुगड्याबद्दल बोलतो, तो सरळ असू शकत नाही.

"सुनो," तो शेवटी म्हणाला. "उस दिन क्लब के गेट पर मेरी ही ड्यूटी है। दो पड़ोसी साथ लाना। वो मेरे सामने मुँह से बोलें, तब अंदर जाने दूँगा। और झूठ बोले तो वो भी अंदर। मगर क्लब के अंदर नहीं। समझे?"

नत्थूजी समजले. हमी देतील असे शेजारी दोनच होते. एक गणपतराव, ते चहावर कोणाचीही हमी देत. दुसरा भिंतीला भिंत लावून राहणारा ईश्वरदास.

ईश्वरदास नत्थूजींचा लहानपणापासूनचा सोबती. सगळी गल्ली गिरणीत, रेल्वेत, नाहीतर खापरखेड्याच्या वीजघरात गेली, पण त्यानं हातमाग सोडला नाही. रोज पहाटे तो आपला ताणा गल्लीभर लांब ताणून कुंच्यानं त्याला खळ लावी. त्या पांजणीच्या वेळी येणाऱ्याजाणाऱ्यानं सुताखालून वाकून जावं असा गल्लीचा रिवाज होता. गणपतरावही वाकत, फक्त त्यांना ते आवडत नसे. ऊन चढलं की ताणा उचलला जाई आणि गल्ली मोकळी होई. एवढी सरळ आणि लांब जागा साऱ्या वस्तीत दुसरी नव्हती. ईश्वरदासनं गल्लीच्या टोकाची आपल्या परसातली भिंत दिली, तिच्यावर नत्थूजींची जुनी गोधडी टांगून दिली, आणि वर म्हणाला, "मार गा नत्थू. भिताड पडलं तं नवं बांधू."

पहिल्या दुपारी नत्थूजींनी लांब नळी चढवून छर्रे मारले ते सगळे कागदाच्या काळ्या टिकलीच्या आसपास. ईश्वरदासनं कागद डोक्यावर धरून सगळ्या गल्लीला दाखवला.

दुसऱ्या दिवशी पहिलाच छर्रा गणपतरावांच्या पपईत शिरला. पपई निशाणापासून इतकी बाजूला होती की नत्थूजींना ती असल्याचंच त्या दिवशी कळलं. दुसरा छर्रा कुठं गेला ते कधीच कळलं नाही. त्यांनी बंदूक उघडून पाहिली तर चारही स्क्रू ढिले. आवळले, मारले, बरोबर लागले. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच: नळी कड्यात लुकलुक हलते आहे आणि छर्रा शोभाताईंच्या वाळत घातलेल्या कुरड्यांत. शोभाताई मास्तरीण होत्या, त्या ओरडल्या नाहीत. त्यांनी फक्त फुटलेली कुरडई पाटीवर ठेवून नत्थूजींकडे पाठवून दिली. त्यापेक्षा ओरडणं बरं.

आपोआप एक स्क्रू ढिला होईल. चार कसे होतील? कोणीतरी आपल्या वाईटावर आहे, हे नत्थूजींच्या ध्यानात आलं आणि त्यांचं जेवण तुटलं. गणपतराव खुर्चीवर बसतात ती खुर्ची बंदुकीच्या पेटीपासून हातभर अंतरावर आहे. बळीराम खरादी परवा उगाच घरावरून गेला. गिरणीतल्या कोणी पैसे चारले असतील काय? क्लबवाल्यांचे हात तर फार लांब असणार. दूधवाल्याकडेसुद्धा ते असे पाहू लागले की तो बिचारा दुधात पाणी घालायचं विसरला.

शेवटी त्यांनी सापळा लावला. बंदूक नेहमीसारखी पत्र्याच्या पेटीत ठेवली आणि पेटीच्या कडीतून एक बारीक सूत ओवून गाठ मारली. पेटी उघडणाऱ्याला ते तोडावंच लागणार. सकाळी पाहतात तर सूत शाबूत! नत्थूजींचा जीव भांड्यात पडला. मग त्यांनी नाकावर चष्मा चढवला आणि जीव पुन्हा भांड्याबाहेर आला. सुतात आता एक गाठ जास्त होती. मुगाच्या कोंबाएवढी बारीक, दोन्ही टोकं कातरलेली. सूत तुटलं होतं आणि कोणीतरी ते सांधलं होतं.

ही गाठ गिरणीची नव्हती. गिरणीत गाठी घाईनं मारतात. ही हातमागाची गाठ, आणि त्यातही उमरेडकडची. तिथले कोष्टी टोक आतून घेतात. नत्थूजी खाटेवर बसले. आख्ख्या गल्लीत हातमाग एकाचा. तो एक जण माग शिकला उमरेडला, मामाकडे.

दुसऱ्या सकाळी गल्लीत पांजण चालू होती. ताण्याच्या अलीकडून ईश्वरदास कुंचा फिरवत येत होता. नत्थूजी त्या दिवशी वाकले नाहीत. सुतापलीकडेच उभे राहिले आणि मोठ्यानं म्हणाले, "काहून रे ईश्वऱ्या? माह्या बंदुकीचे स्क्रू कोन ढिले करून राहिला?"

"मले काय मालूम?"

"तुले नाही तं कोनाले? हे पाह्य. हे गाठ कोनाची हाये?"

ईश्वरदासनं खळीचे हात धोतराला पुसले, सूत डोळ्यांजवळ धरलं. "गाठ तं उमरेडची हाये."

"मंग?"

"मंग काय?"

"मंग तूच चोर!"

दारादारांतून डोकी बाहेर आली. गणपतराव दात घासत होते, ते तसेच थांबले. ईश्वरदासनं सूत परत नत्थूजींच्या हातात दिलं. "नत्थू," तो हळूच म्हणाला, "तुह्या घरचं पानी पिऊन मोठा झालो मी. मले चोरी करायची असती तं तुह्या घरात चोरन्यासारखं काय हाये गा?" आणि कुंचा उचलून पुढं गेला. त्यानंतर तो नत्थूजींशी बोलला नाही. भिंतीवरची गोधडी संध्याकाळी घडी करून नत्थूजींच्या ओट्यावर ठेवलेली होती.

चोर सापडला होता, तरी दुसऱ्या दिवशी स्क्रू ढिलेच होते.

आता नत्थूजींनी पेटीला नवं सूत बांधलं आणि घरातच दबा धरला. दिवेलागणीच्या आधी ते खाटेवर पडले, तोंडावर पंचा घेतला आणि घोरू लागले. घोरणं जरा जास्तच चांगलं झालं. बाहेर बसलेली मांजर उठून गेली. गोदूबाईनं देवाजवळ दिवा लावला, तुळशीला उदबत्ती फिरवली. दोरीवरचे कपडे काढून दोरीचं एक टोक सोडलं. मग ती पेटीकडे गेली. सूत तोडलं, बंदूक मांडीवर घेतली, पदराच्या गाठीतून चपटा पैसा काढला आणि एकेक स्क्रू मायेनं ढिला करू लागली. ते झाल्यावर पेटी लावली, आणि तुटलेलं सूत दिसताच तिचे हात आपसूक वळले. तिनं ते सांधलं. दातानं टोकं तोडली.

"गोदू!"

गोदूबाई दचकली, पण तिनं डोक्यावरचा पदर सरळ केला. "काय वरडता वो? झोपले होते नं?"

"हे काय करून राहिली तू?"

"काय म्हनजे? दिवा लागल्यावर घरात काही ताणून ठेवत असतेत काय? ताणा ढिला नाही केला तं सूत तुटते अन् घरात भांडनं लागते. तुमच्या मायनंच तं शिकवलं मले. तुम्हीच नाही म्हनलं, बंदूक म्हनजे मागच समज?"

नत्थूजींनी सुताकडे बोट दाखवलं.

"अन् सूत काहून जोडलं?"

"तुटलं होतं म्हून जोडलं. तुटलेलं सूत पाहून कोनी तसंच जाते काय? आम्ही उमरेडचे हावो."

पंचवीस वर्षं संसार केला आणि बायकोचं माहेर ध्यानात राहिलं नाही! नत्थूजी तसेच उठून शेजारी गेले. ईश्वरदास मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसला होता. धोटा इकडून तिकडे जात होता. नत्थूजी दाराशी उभे राहिले. 'माझं चुकलं' हे दोन शब्द ते घरून घेऊनच निघाले होते, पण उंबऱ्यापर्यंत येताना ते कुठं सांडले कोण जाणे.

"आज थंडी हाये नाही?" नत्थूजी म्हणाले.

खटक्, खटक्.

"तशी काल बी होती."

खटक्, खटक्, खटक्.

नत्थूजी परत आले. "तूच जाऊन सांग वं त्याले."

"मी काहून? मी थोडी त्याले चोर म्हनलं? स्क्रूचं मी त्याच्या बायकोले आताच भिताडावरून सांगून टाकते. चोर म्हनल्याचं तुमचं तुम्ही पाहा." आणि बंदूक उद्यापासून आवळलेलीच ठेवायची असेल तर घरात जे काही बरंवाईट होईल त्याला आपण जबाबदार नाही, हेही तिनं बजावलं.

शर्यतीच्या दिवशी नत्थूजी गोधडीत बंदूक गुंडाळून रिक्षानं सदरला गेले. रिक्षात गणपतराव होते. त्यांना क्लबचा चहा प्यायचा होता. फाटकावर हवालदार होताच.

"एक हो गया। दूसरा?"

"येऊन राहिला," नत्थूजी म्हणाले. म्हणताना त्यांना स्वतःचाच संशय आला. आत मैदानावर साहेब आले होते. नावं पुकारणं सुरू झालं. जवळच्या निशाणाची शर्यत आटोपली, लांबच्याची यादीही अर्धी सरली. गणपतराव म्हणाले, "एका माणसानं दोनदा हमी दिली तर चालतं का, याबाबतीत कायदा..." हवालदारानं नुसतं पाहिलं आणि कायदा गप्प झाला.

तेवढ्यात सायकलची घंटी वाजली. ईश्वरदास. हातांवर खळ वाळलेली, धोतर तसंच मागावरचं. नत्थूजींकडे त्यानं पाहिलं नाही.

हवालदारानं त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "इस आदमी को जानते हो? भला आदमी है?"

ईश्वरदासनं विचार केला. फारच केला. "भला? नहीं साहब. भला कायका! शक्की है, भांडकुदळ है. अपने दोस्त को भरी गल्ली में चोर बोलता है."

नत्थूजींच्या हातातली गोधडी घसरली. गणपतराव हळूच त्यांच्यापासून दोन पावलं सरकले.

"फिर बंदूक के साथ अंदर कैसे जाने दूँ?"

"बंदूक का डर मत करो साहब. बंदूक अच्छी है. किसी को लगती नहीं. मैंने रोज देखा है. पपीते को लगी, कुरडई को लगी, जहाँ देखो वहाँ लगी, पर जिसको मारते हैं उसको कब्भी नहीं लगी. मेरी जबान है."

हवालदाराचा चेहरा प्रथमच सैल झाला. अशी बंदूक त्याला पटली. "ठीक है। मगर याद रखना, झूठी गवाही निकली तो तुम अंदर। आजकल का ज़माना मालूम है ना?" आणि खात्री करून घ्यायला तो स्वतःच त्यांच्यामागून मैदानावर आला.

नत्थूजी पोटावर झोपले. लांब नळी चढवलेली, स्क्रू सकाळपासून आवळलेले, अंगात अपमान रग्गड. त्यांनी श्वास धरला. नळीच्या टोकावरची नेमाची माशी टिकलीखाली आली आणि त्यांनी घोडा दाबला.

टिकलीच्या बरोबर मधोमध भोक.

साहेब खुर्चीतून उठले. सेक्रेटरींनी दुर्बीण लावली, काढली, पुन्हा लावली. "वा!" कोणीतरी म्हणालं. नत्थूजींना वाटलं, आता फक्त असेच आणखी मारायचे. मग त्यांच्या कानावर मागून हवालदाराचा आवाज आला.

"क्यों बे? तुम तो बोले थे, लगती नहीं?"

नत्थूजींनी मान वळवली. ईश्वरदास उभा होता. खळीच्या हातांनी धोतराचा सोगा पिळत होता आणि त्याचा चेहरा त्या खळीसारखाच पांढरा झाला होता. हवालदाराचा हात त्याच्या खांद्यावर होता.

नत्थूजींनी पुन्हा दस्त्याला गाल लावला. माशी टिकलीखाली आली. किती चांगली आली होती! त्यांनी ती जरा डावीकडे जाऊ दिली, आणि आणखी जरा.

दुसरा छर्रा मातीत गेला. तिसरा शेजारच्या कागदाच्या कोपऱ्याला चाटून गेला आणि त्या कागदाचे मालक रागावले. राहिलेल्यांपैकी एक क्लबच्या पाटीवर टण्णकन वाजला. साहेब केव्हाच हसू लागले होते. सगळ्यांत मोठ्यानं हवालदार हसला. त्यानं ईश्वरदासच्या पाठीवर थाप मारली. "सच्चा आदमी है तू!"

सेक्रेटरींनी नत्थूजींशी हात मिळवला. "पुढच्या वर्षी या," ते म्हणाले. येऊ नका असं म्हणायची सभ्य माणसांची तीही एक रीत असते. गणपतराव चहाला थांबले.

ईश्वरदासनं सायकल काढली. मागच्या कॅरिअरकडे मानेनं खुणावलं. नत्थूजी मांडीवर आडवी बंदूक घेऊन मागं बसले. उद्या पाळीवर कोण काय विचारील, ते नत्थूजींना आताच ऐकू येत होतं.

"नत्थू, पहिला कसा लागला गा?"

"चुकून."

सायकल थोडा वेळ करकरत चालली.

"अन् बाकीचे कसे चुकले?"

"समोर पाह्य नं बे," नत्थूजी खेकसले. "पाडतं काय मले?"

ईश्वरदासनं समोर पाहिलं. पुढं चढ लागला. नत्थूजी उतरायला निघाले तर तो म्हणाला, "बस तू," आणि उभा राहून पायडल मारू लागला.